ठरवून केलेलं ऑपरेशन, उरकलेली तपासणी: चूक कधी ठरते आणि कायदा काय विचारतो

मे २०२२ मध्ये बंगळूरुत कन्नड मालिकांमधली एक २१ वर्षांची अभिनेत्री चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर वारली. २०२५ मध्ये कानपुरात केसरोपणानंतर झालेल्या मृत्यूची बातमी देशभर गाजली. अशी बातमी आली की आपल्या इंदूरच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, डॉक्टरांनी मारलं. दुसरा म्हणतो, भूल जास्त झाली असेल, नशीब. यातल्या कुठल्याच तटाला ऑपरेशनच्या आधीचे आठ-पंधरा दिवस आठवत नाहीत. खरं तर बऱ्याच प्रकरणांचा निकाल तिथेच दडलेला असतो: या माणसाला टेबलावर घेण्याआधी कोणी नीट तपासलं होतं का, आणि जे दिसलं त्यावर काही केलं होतं का?

आपल्या शहरात हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे. देवास, धार, खरगोन, पार बऱ्हाणपूरपासून माणसं ऑपरेशनला इथे येतात. संध्याकाळी भरती, सकाळी ऑपरेशन, आणि मधल्या रात्री कधीतरी कोणीतरी येऊन बीपी मोजून जातं. एवढ्यात तपासणी झाली असं मानायचं का, हे समजून घ्यायला थोडं मुळापासून जावं लागेल.

‘ठरवून’ म्हणजे नेमकं काय

ज्या ऑपरेशनची तारीख डॉक्टर आणि रुग्ण मिळून निवडू शकतात, ते ठरवून केलेलं, म्हणजे इलेक्टिव्ह. म्हणून ते हौसेचंच असतं असं नाही. गुडघा बदलणं, मोतीबिंदू, हर्निया, गर्भपिशवी काढणं, पित्ताशयातले खडे, हे सगळं बहुतेक वेळा यात मोडतं. नाक सरळ करणं किंवा चरबी काढणंही मोडतं. फुटलेलं अपेंडिक्स किंवा बायपासवरच्या अपघातात जखमी झालेला मुलगा मात्र यात नाही. त्याला रात्री दोन वाजता टेबलावर घ्यावंच लागतं आणि त्या घाईत एखादी तपासणी राहिली तर न्यायालयही ती घाई लक्षात घेतं.

ठरवलेल्या ऑपरेशनात ‘वेळ नव्हता’ हा बचाव मुळातच उरत नाही. तारीख आपलीच होती, पुढे ढकलता आली असती. पुढचं सगळं विवेचन याच एका गोष्टीवर उभं आहे.

पीएसी आणि रिपोर्टची जाड फाईल

रुग्णालयात ‘पीएसी झाली का?’ असं विचारतात. पीएसी म्हणजे प्री-ॲनेस्थेटिक चेकअप, भूल देण्यापूर्वीची तपासणी. ती करतात भूलतज्ज्ञ, ज्यांना आपल्याकडे सर्रास ‘बेहोशीचे डॉक्टर’ म्हणतात.

जुन्या वाड्यावर आणखी एक मजला चढवायचा असेल तर चांगला इंजिनियर आधी पाया उकरून बघतो. गवंडी कितीही कसबी असला तरी खालची भिंत ओली आहे का, हे त्याच्या कसबावरून कळत नाही. सर्जनचा हात आणि रुग्णाचं शरीर यांचं नातं तसंच आहे. ऑपरेशन अगदी निर्दोष होऊ शकतं आणि तरीही रुग्ण त्याचा ताण न सोसून दगावू शकतो.

भूलतज्ज्ञ काय बघतात? तोंड किती उघडतं, मान किती मागे जाते, कारण श्वासनलिकेत नळी घालावी लागली तर ती जाईल का, हे त्यावर ठरतं. घोरणं किती, झोपेत श्वास अडतो का. घरात कोणाला पूर्वी भूल उतरायला फार वेळ लागला होता का, किंवा भुलीत ताप भलताच चढला होता का. कोणत्या गोळ्या चालू आहेत. आणि एक अगदी साधा प्रश्न: न थांबता दोन मजले चढता का? राजवाड्याचे सातही मजले चढून दाखवायची गरज नाही. दोन मजले धाप न लागता चढणाऱ्याचं हृदय बहुतेक ऑपरेशनांचा ताण सोसेल, असा वैद्यकातला जुना आणि बराच उपयोगी आडाखा आहे. त्याला ना मशीन लागतं, ना पैसे.

यातून रुग्णाला एक श्रेणी मिळते. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची ‘एएसए’ श्रेणी जगभर वापरतात. १ म्हणजे ठणठणीत, २ म्हणजे आटोक्यातला आजार, ३ म्हणजे गंभीर आजार, तिथून पुढे जिवावरचा धोका. तुमच्या केस पेपरवर ‘एएसए २’ असं लिहिलेलं दिसलं तर ते हे.

रक्त, लघवी, छातीचा एक्स-रे, ईसीजी यांची फाईल कितीही जाड असली तरी तिला पीएसी म्हणता येत नाही. २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मोतीबिंदूच्या सुमारे १८ हजार रुग्णांपैकी निम्म्यांच्या नेहमीच्या सरसकट तपासण्या केल्या, निम्म्यांच्या केल्या नाहीत. गुंतागुंतीच्या प्रमाणात फरक पडला नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन शरीरावर फारसा ताण टाकत नाही, त्यामुळे हा निष्कर्ष गुडघ्याला किंवा पोटाच्या ऑपरेशनला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण पॅकेजमधल्या बारा टेस्ट झाल्या म्हणजे माणूस तपासला गेला, हा आपला लाडका समज त्यातून नक्की डळमळतो.

एक उदाहरण, काल्पनिक

समजा, सुदामा नगरातल्या एक काकू. वय ६४. गुडघ्यांनी जीव नकोसा केलाय. मुलगा पुण्याहून दोन आठवड्यांची रजा काढून आला आहे, कॅशलेसची मंजुरी आली आहे, पितृपक्षाआधी उरकून घ्यायचं आहे. शुगरला त्या डापाग्लिफ्लोझिन घेतात. या गोळीचं पेटंट २०२० मध्ये संपल्यावर ती स्वस्त झाली आणि आज कितीतरी घरांच्या औषधाच्या डब्यात आहे. शिवाय चार महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलाय, म्हणून रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या: ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल.

आता भूलतज्ज्ञासमोर पेच बघा. गुडघ्याला कमरेतून इंजेक्शन देऊन भूल देतात. क्लोपिडोग्रेल चालू असताना ती सुई घातली तर मणक्यात रक्त साचून दोन्ही पाय लुळे पडू शकतात. म्हणून ही गोळी पाच ते सात दिवस आधी थांबवतात. पण स्टेंट नवा असताना गोळी थांबवली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. चालू ठेवली तरी धोका, थांबवली तरी धोका. अशा वेळी हृदयरोगतज्ज्ञ साधारण सांगतात की स्टेंटनंतर ठरवून करायचं ऑपरेशन सहा महिने लांबवा, स्टेंट हार्ट अटॅकमध्ये टाकला असेल तर वर्षभर. गुडघा दुखत राहील, पण तेवढे दिवस थांबेल.

शुगरच्या गोळीचं तर आणखी विचित्र. ती ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी बंद करायची असते. नाही केली तर उपास आणि ऑपरेशनच्या ताणात रक्तात आम्ल साचतं, आणि गंमत अशी की ग्लुकोमीटर तेव्हाही १६०-१७० दाखवू शकतो. आकडा बघून सगळे निर्धास्त असतात आणि काकू बेशुद्धीकडे सरकत असतात. शुगर मोजून हा धोका सापडत नाही. गोळीचं नाव विचारलं तरच सापडतो.

काकूंना फिजिशियनकडून ‘फिटनेस’ आणायला सांगितलं जातं. चिठ्ठीवर येतं: ‘ऑपरेशनसाठी फिट’. खाली सही, शिक्का. माझ्या मते आपल्या व्यवस्थेतला हा सगळ्यात निरुपयोगी कागद आहे. कशासाठी फिट? कोणत्या भुलीला? कोणत्या गोळ्या बंद करून? काकूंच्या बाबतीत उपयोगी चिठ्ठी ही असती: ‘स्टेंट अमुक महिन्यात, ऑपरेशन तमुक महिन्याआधी नको, डापाग्लिफ्लोझिन तीन दिवस आधी बंद.’

न्यायालय काय विचारतं

यात एक निकाल खास आपल्या माणसांचा आहे. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतला एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला डॉक्टरांकडे नेलं आणि त्याच संध्याकाळी तो गेला. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६८ मध्ये निकाल डॉक्टरांच्या विरोधात लागला. न्यायालयाने डॉक्टरची तीन कर्तव्यं सांगितली: ही केस हाती घ्यायची का हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना काळजी, आणि उपचार देताना काळजी. आपली सगळी चर्चा तिसऱ्यावर होते. आपल्या काकूंचा प्रश्न पहिल्यातच संपतो.

काळजी म्हणजे किती? जगातल्या सर्वोत्तम डॉक्टरइतकी नाही. त्याच शाखेतल्या साधारण कुशल डॉक्टरने त्या परिस्थितीत जेवढी घेतली असती तेवढी. ही मोजपट्टी १९५७ च्या इंग्लंडमधल्या बोलम निकालातून आली आणि २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. दोन मार्ग वाजवी असतील आणि डॉक्टरने त्यातला एक निवडला, तो चुकला, तर तो निष्काळजीपणा ठरत नाही. पण विचारलंच नाही, बघितलंच नाही, याला निर्णयातली चूक म्हणत नाहीत, कारण तिथे निर्णयच झालेला नसतो.

मग तक्रारदाराला चार गोष्टी दाखवाव्या लागतात: डॉक्टरची जबाबदारी होती, ती पाळली गेली नाही, नुकसान झालं, आणि ते त्या न पाळण्यामुळेच झालं. चौथ्या पायरीवर बहुतेक जण अडखळतात. काकूंना क्लोपिडोग्रेल चालू असताना कमरेतून भूल दिली आणि पाय लुळे पडले, तर धागा सरळ जुळतो. पण पायातली गुठळी फुप्फुसात जाऊन काकू गेल्या, आणि ती टाळायची सगळी औषधं दिलेली होती, तर? पीएसी उरकली हे सिद्ध होईल, मृत्यू त्यामुळे झाला हे होणार नाही. पाया उकरला नाही हे खरं, पण वाडा पडला तो भूकंपाने. नातेवाइकांना हे अन्यायाचं वाटतं आणि त्यांचा राग मला समजतो, तरी नियम बरोबर आहे.

परदेशात एका मृत्यूने कायदा बदलला

नोव्हेंबर २००७ मध्ये अमेरिकेत डोंडा वेस्ट या ५८ वर्षांच्या निवृत्त प्राध्यापिका सौंदर्यशस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी वारल्या. गायक कान्ये वेस्ट यांच्या त्या आई. त्याआधी एका सर्जनने आधी तपासणी करून ‘क्लिअरन्स’ आणा असं सांगितलं होतं, ऑपरेशन केलं दुसऱ्याने. शवविच्छेदनात हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार दिसला. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियाने त्यांच्या नावाचा कायदा केला: सौंदर्यशस्त्रक्रियेआधी ३० दिवसांच्या आत शारीरिक तपासणी आणि लेखी क्लिअरन्स हवाच.

आपल्याकडे सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने सौंदर्यशस्त्रक्रिया आणि केसरोपण कोणी करावं याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. तरी शहरात ‘वीकेंडला करा, सोमवारी ऑफिसला जा’ अशा जाहिराती झळकतातच.

‘पण सही तर आपणच केली होती ना?’

केली होती. ‘काही झाल्यास डॉक्टर जबाबदार नाहीत’ या ओळीखाली सुद्धा. ती ओळ न्यायालयात फारशी टिकत नाही. ऑपरेशनात जे धोके सगळी काळजी घेऊनही उरतात, त्यांना तुमची संमती असते. निष्काळजीपणाला कोणी संमती देत नाही.

उलट संमतीचा कागद कधीकधी रुग्णालयावरच उलटतो. २००८ च्या समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की खरी संमती घ्यायची तर उपचार काय, फायदा काय, मोठे धोके कोणते, दुसरे पर्याय कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढं सांगावं लागतं. काकूंपुढे ‘सहा महिने थांबणं’ हा पर्याय होता. तो त्यांना कोणी सांगितला होता का? त्या गेल्यावर मुलाला आठवत असेल, तर ते त्याने तेव्हाच लिहून ठेवावं.

‘रुग्णच लपवतात, त्याचं काय?’

हा आक्षेप डॉक्टरांचा, आणि त्यात तथ्य आहे. ‘शुगर? थोडीशी.’ ‘दारू? कधीतरी.’ वैद्यांचं चूर्ण चालू आहे हे तर आपण औषधात धरतच नाही. आणि सकाळी उपाशी या म्हटलं की घरून चहा पिऊन निघणारे! पाणी किंवा कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो, पण दूध घातलेल्या चहाला हलक्या जेवणाचा नियम, म्हणजे सहा तास. पोह्यांवर शेव आणि वर जिलबी खाल्ली असेल तर आठ. पोटात अन्न असताना भूल दिली तर ते फुप्फुसात जाऊ शकतं.

डॉक्टरांनी विचारलं, नोंदवलं, आणि तुम्ही खोटं सांगितलं तर दोष तुमच्याकडे येतो. पण विचारल्याची नोंदच नसेल तर ‘रुग्णाने सांगितलं नाही’ हे वाक्य कमकुवत पडतं. गोळी रक्त पातळ करते म्हणजे सुईला धोका, हे काकूंना ठाऊक असणं अपेक्षित नाही. विचारायचं काम ज्याला धोका ठाऊक आहे त्याचं.

‘मग डॉक्टर घाबरून टेस्टचा डोंगर लावतील’

थोडेफार लावतीलही. पण कायद्याने जास्त टेस्ट मागितलेल्याच नाहीत. दहा मिनिटं बोलणं, तपासणं आणि लिहिणं मागितलं आहे. फौजदारी खटल्याची भीतीही तुलनेने दूरची: जेकब मॅथ्यू निकालानुसार त्यासाठी ढोबळ, घोर निष्काळजीपणा लागतो आणि पोलिसांनी आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यायचं असतं. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, नोंदणीकृत डॉक्टरच्या हातून उपचार करताना झाला तर दोन वर्षांपर्यंत.

एक गोष्ट आपणही मान्य करायला हवी. ऑपरेशन पुढे ढकलणाऱ्या डॉक्टरला आपण किती बोलतो! मुलाची रजा, मंजुरीची मुदत, मुहूर्त, सगळं त्याच्या अंगावर टाकतो आणि शेवटी त्याला सोडून ‘लगेच करून देणारा’ शोधतो. डोंडा वेस्ट प्रकरणात थांबायला सांगणारा डॉक्टर होताच.

जबाबदार कोण: सर्जन, भूलतज्ज्ञ की रुग्णालय?

बहुतेक वेळा तिघेही, कमी-अधिक. भूलतज्ज्ञ बाहेरून आले होते, आमच्या पगारावर नाहीत, असं रुग्णालय म्हणतं. २००४ च्या सविता गर्ग निकालाने ही पळवाट बंद केली. बाहेरून बोलावलेल्या डॉक्टरबद्दलही रुग्णालय उत्तरदायी असतं, आणि काय काळजी घेतली हे कागदपत्रांनी दाखवायची जबाबदारीही त्याच्यावर येते.

तक्रार करायची तर

भरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते. पैसे विमा कंपनीने भरले तरी येते. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात ते सरकारी रुग्णालय मात्र यात येत नाही, तिथे दिवाणी न्यायालय. २०१९ च्या कायद्याने एक मोठी सोय केली: रुग्ण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ऑपरेशन इंदुरात झालं तरी बऱ्हाणपूरचा माणूस बऱ्हाणपूरलाच तक्रार करू शकतो. दिलेलं बिल ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

डॉक्टरचा परवाना हा विषय भोपाळच्या मध्य प्रदेश मेडिकल कौन्सिलचा. तिथे नाव ठरावीक काळ काढलं जाऊ शकतं, पैसे मिळत नाहीत.

प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे २०१० च्या व्ही. किशन राव निकालाने स्पष्ट केलं. पोटात कापड राहिलं तर ते चूक आहे हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. स्टेंट आणि क्लोपिडोग्रेलचा हिशेब मात्र तज्ज्ञाशिवाय मांडणं कठीण, त्यामुळे आधी दुसऱ्या एखाद्या भूलतज्ज्ञाला कागद दाखवून घ्या.

आणि त्यासाठी कागद हातात हवेत. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. पूर्ण केस पेपर मागा: पीएसीचा कागद, भुलीचा तक्ता, नर्सच्या नोंदी, संमतीपत्रं, फिजिशियनची चिठ्ठी. २००२ च्या वैद्यकीय आचार नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते द्यावे लागतात. भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवणं बंधनकारक आहे, त्यानंतर त्या मिळतीलच याची खात्री नाही. अर्ज लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. मिळालेल्या कागदांत पीएसीवरची वेळ पहिल्यांदा बघा. ऑपरेशन सकाळी आठचं आणि पीएसीची नोंद पावणेआठची असेल, तर त्या पंधरा मिनिटांत नेमकं काय तपासलं, याचं उत्तर रुग्णालयाला द्यावं लागेल.